जुन्या बंगल्याशेजारचें मोटारघर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या परिसरांत उठलेले कांहीं बंगले आजहि उभे आहेत. काळ्या दगडाचें जोतें, चुन्यांत रचलेल्या जाड भिंती, पुढें ओसरी आणि वर मंगळुरी कौलांचें उतरतें छप्पर, ही अशा घरांची ओळख. तेथें मोटारघर बांधावयाचें ठरलें म्हणजे मालकाच्या मनांत प्रथम येतो तो प्रश्न, मोटार मावेल कीं नाहीं, हा. परंतु त्याहून मोठा प्रश्न असा कीं, या नव्या शेजारानें जुन्या घरास इजा तर पोंचणार नाहीं ना?

इजा दोन प्रकारची होते. एक डोळ्यांस दिसणारी. मोटारघर दर्शनी भिंतीच्या रेषेंत आलें कीं ओसरीची शोभा जाते आणि फाटकांतून येणाऱ्यास आधीं दिसतें तें लोखंडी शटर. घोडागाडीच्या काळीं तबेला घराच्या मागें, अलग असे. तीच रीत येथेंहि पाळावी. मोटारघर बाजूस, दर्शनी भिंतीहून ५-६ फूट तरी मागें असावें, आणि त्याचें आढें मुख्य घराच्या वळचणीखालीं राहावें.

दुसरी इजा भिंतींच्या पोटांत होते. जुनें घर आपल्या भारानें केव्हांच बसून गेलेलें असतें. नवा पाया मात्र बांधल्यानंतर थोडाफार बसतोच. दोन्ही भिंती एकमेकींत गुंतविल्या, तर सांध्यावर तडा जातो. जमीन काळी असेल तर भीति अधिक, कारण ती माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. म्हणून मोटारघराचा पाया व चारी भिंती स्वतंत्र असाव्या आणि मध्यें तीनेक फुटांची बोळ सोडावी. जुन्या पायालगत त्याहून खोल चर कदापि खणूं नये. नव्या छपराचें पाणीहि जुन्या भिंतीकडे वळतां कामा नये. चुन्याची भिंत ओल शोषते व पुन्हा बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला कीं ओल आंतच कोंडते. तेव्हां तिची डागडुजी चुन्यानेंच करावी.

आतां मापें. लहान मोटार साधारण १३ फूट लांब असते. आंतून १८ फूट लांब व १० फूट रुंद जागा असली म्हणजे दार उघडून सुखानें उतरतां येतें. मोटारी दोन असतील तर एकाच रुंद दारापेक्षां मध्यें खांब ठेवून दोन दारें करावीं. जुन्या घराच्या उभट खिडक्यांशीं तीं जुळतात. छपराचा उतार मुख्य छपराचा मोजून तेवढाच ठेवावा. १८६० नंतरच्या दशकांत बासेल मिशननें मंगळुरांत सुरू केलेल्या घाटाचीं कौलें आजहि मिळतात. नकली दगड चिकटविण्यापेक्षां खऱ्या दगडाचें जोतें व वर साधा गिलावा बरा.

मोटारीच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे. यासाठीं समोरासमोर झरोके ठेवावे. निजण्याच्या खोलीची खिडकी बोळींत उघडूं नये.

महानगरपालिकेची परवानगी तर हवीच. पण नकाशा पक्का करण्यापूर्वीं जमिनीवर फक्कीनें आंखणी करावी, कोपऱ्यांवर नियोजित उंचीचे बांबू रोवावे आणि फाटकांत उभें राहून पाहावें. ओसरी झांकली जात असेल, तर बांबू हलविणें सोपें असतें. भिंत हलवितां येत नाहीं.