ज्या रोगांना गिऱ्हाईक नाही

मराठवाड्यातील वृद्धांना नारू हा शब्द अजून विसरता आलेला नाही. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरावे, त्या पाण्याबरोबर सायक्लॉप्स हा सूक्ष्म जीव पोटात जावा आणि वर्षभराने पायावर फोड येऊन त्यातून हातभर लांबीचा कृमी बाहेर पडावा, अशी ही व्याधी. ती जीव क्वचितच घेई. पण कमावत्या माणसाला आठवडेच्या आठवडे घरी बसवी. तिच्यावर औषध नव्हते, लस नव्हती. आणि एकदा होऊन गेल्याने शरीरात प्रतिकारशक्ती येई, असेही नव्हते.

तरीही नारू गेला. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाची साधने साधीच होती : विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, पाणी फडक्याने गाळणे, विहिरीत टेमेफॉस टाकणे आणि हातपंप बसवणे. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. नारूच्या रोग्याकडून नफा होईल म्हणून हे घडले नाही. हा खर्च सार्वजनिक तिजोरीतून झाला.

अर्थशास्त्रात गरज म्हणजे मागणी नव्हे. गरजेला क्रयशक्तीची जोड मिळाली तरच ती मागणी ठरते. परोपजीवी रोगांत रोगी पुष्कळ, पण त्यांच्यापाशी पैसा नाही. काळा आजार उपचाराविना बहुधा प्राण घेतो. त्यावरील मिल्टेफोसिन हे तोंडाने घ्यावयाचे औषध मुळात कर्करोगाच्या संशोधनातून हाती आले आणि भारतात त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. दुर्मीळ रोगांत रोगीच थोडे. दोन्हीकडे परिणाम एकच : संशोधनाला गिऱ्हाईक नाही. अमेरिकेलादेखील दुर्मीळ रोगांच्या औषधांसाठी १९८३ मध्ये सवलतींचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात दोष या दुसऱ्या वर्गात मोडतात. त्यांतील सर्वांत घातक प्रकारात बालकाला साधा संसर्गही झेपत नाही. जन्मताच टोचलेल्या बीसीजी लशीतील जंतूच त्याच्या अंगभर पसरू शकतात. वेळीच अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले तर मूल वाचू शकते, नाहीतर बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच दगावते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा दोषांचे निदान व संशोधन चालते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात २०२२ साली झालेल्या बदलानंतर, ठरावीक केंद्रांतील उपचारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्या धाराशिव जिल्ह्याची गणना २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित, म्हणजे मागास, जिल्ह्यांत झाली, तेथे एका बालकावर एवढा खर्च कशासाठी? आक्षेप पोकळ नाही. परंतु पहिली गरज ५० लाखांची नसून शंका येण्याची आहे. रक्ताच्या साध्या तपासणीतही लिम्फोसाइट या पेशी फार कमी दिसणे ही महत्त्वाची खूण असते. वारंवार न्यूमोनिया होणारे मूल, घरात पूर्वी दगावलेले भावंड आणि नात्यातले लग्न, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की ती खूण पाहिलीच पाहिजे. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत मराठवाड्यात जुनी आहे आणि यांतील अनेक दोष आईबाप दोघांकडून मिळूनच मुलात उतरतात. निदान लवकर झाले तर प्रत्यारोपणाला यश येण्याची शक्यता वाढते. उशीर झाला तर पैसा आणि मूल दोन्ही जातात.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परळचे ज्ञान परंडा-भूमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आणण्याचा दुवा त्याने व्हावे. नारूच्या वेळी शासन विहिरीपर्यंत चालत गेले होते. आता त्याला पाळण्यापर्यंत जायचे आहे.