सदतीस घरं आणि एक परार्ध

रूलेटच्या चक्रावर ३७ घरं असतात: १ ते ३६ आणि एक शून्य. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तोच आकडा आला, तर ३,५०० रुपये मिळतात आणि लावलेले १०० परत येतात. हातात एकूण ३,६००. घरं ३७, पण मोबदला ३६ घरांच्या हिशेबाने. पणजीला मांडवीत उभी असलेली कॅसिनोची जहाजं, मकाऊची हॉटेलं, मोनॅकोचा तो जुना महाल, हे सगळं अशाच एखाद्या छोट्या फरकावर उभं आहे. रूलेटच्या बाबतीत हा फरक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे इतकाच आहे.

यात लबाडी काहीच नाही, आणि नवख्या माणसाने हेच आधी नीट समजून घ्यायला हवं. चक्र खरं असतं, गोळी खरी असते. १८ घरं लाल, १८ काळी आणि शून्याचं एक हिरवं. शून्य आलं की सर्वसाधारण नियमाने लालवाल्यांचेही पैसे जातात आणि काळ्यावाल्यांचेही. पूर्वी चक्रावर दोन शून्यं असायची. १८४३ मध्ये जर्मनीतल्या होम्बुर्ग इथे फ्रान्स्वा आणि लुई या ब्लाँ बंधूंनी त्यातलं एक काढून टाकलं. आपला वाटा निम्म्यावर आणला आणि गिऱ्हाइकांची रीघ लावली. वीस वर्षांनी, १८६३ मध्ये, याच फ्रान्स्वा ब्लाँने मोनॅकोतल्या मोंटे कार्लो कॅसिनोचा कारभार हाती घेतला. अमेरिकेत मात्र दोन शून्यंच रूढ झाली. तिथे घरं ३८ आणि वाटा ५.२६ टक्के. अलीकडे लास वेगासमध्ये तीन शून्यांचीही चक्रं आली आहेत. त्यांचा वाटा ७.६९ टक्के. म्हणून टेबलावर बसण्याआधी पहिलं काम हे की चक्रावरची शून्यं मोजायची. दोन चक्रं शेजारीशेजारी असतील, दिसायला सारखी असतील, आणि एक दुसऱ्याच्या दुप्पट महाग असेल.

आता एका शून्याच्या चक्राचे हे २.७ टक्के काय करतात ते पाहू. शंभर जणांनी प्रत्येकी १०० वेळा लाल रंगावर सारखीच रक्कम लावली असं समजू. शेवटी साधारण ३६ जण फायद्यात असतील, आठेक जण बरोबरीत, बाकीचे तोट्यात. छत्तीस म्हणजे काही कमी नाहीत. गोव्याहून परतल्यावर ‘आम्ही जिंकून आलो’ असं सांगणारे मित्र खोटं बोलत नसतात, ते या छत्तिसांतले असतात.

पण त्याच शंभर जणांनी प्रत्येकी १,००० डाव खेळले, तर फायद्यात उरतात सुमारे १९. दहा हजार डाव खेळले, तर तीनशे माणसांमागे एक, म्हणजे आपल्या शंभरांत बहुधा कुणीच नाही. आणि एक लाख डाव? तेव्हा दीड परार्धाहून अधिक माणसांमागे एक.

परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची जी अठरा स्थानं दिली आहेत, त्यातलं हे शेवटचं. ही संख्या डोळ्यांपुढे आणायचा एक मार्ग आहे. पृथ्वीवर आजवर जन्माला आलेल्या सगळ्या माणसांची संख्या अंदाजे ११,७०० कोटी धरतात. त्यातल्या प्रत्येकाने, अगदी गुहेत राहणाऱ्या माणसापासून काल जन्मलेल्या बाळापर्यंत, लाख डावांचा हा खेळ एकदा नव्हे, दहा लाख वेळा खेळला, तरी त्या सगळ्या खेळांपैकी एखादा तरी फायद्यात संपेल याची खात्री देता येत नाही. केवळ एका शून्यामुळे!

एकट्या माणसाला लाख डाव खेळायला किती वेळ लागेल? तासाला ४० फेऱ्या धरल्या तर अडीच हजार तास. कॅसिनोला मात्र इतका वेळ लागत नाही. एका टेबलाभोवती आठ जण उभे आहेत, प्रत्येकजण दर फेरीला तीन ठिकाणी पैसे लावतो आहे, असं धरलं, तर तासाला ९६० वेळा पैसे लागतात. दिवसरात्र चालणारं ते एकच टेबल साडेचार दिवसांच्या आत लाखाचा पल्ला गाठतं. थेंबे थेंबे तळे साचे, ते हे असं. २०१३ मध्ये मकाऊच्या कॅसिनोंनी गिऱ्हाइकांची देणी भागवून वर्षभरात सुमारे ४,५०० कोटी डॉलर कमावले. हे शहर जेमतेम तीस-तेहतीस चौरस किलोमीटरचं आहे. तिथलं मुख्य टेबल रूलेटचं नाही, बॅकरा या पत्त्यांच्या खेळाचं आहे, आणि त्यात ‘बँकर’वर पैसे लावले तर कॅसिनोचा वाटा अवघा १.०६ टक्के असतो. ‘प्लेअर’वर १.२४. फक्त ‘टाय’च्या मोहात पडू नये. आठपट मोबदला दिसतो, पण वाटा १४ टक्क्यांच्या वर जातो.

तर कॅसिनोला आपल्याला हरवायचं नसतं, खेळत ठेवायचं असतं. जिंकलेल्या माणसालाही ते प्रेमाने जेवू घालतात, कारण तो परत टेबलाकडे वळणार हे त्यांना ठाऊक असतं. नवख्यांना द्यायचे सगळे सल्ले मला यातूनच निघताना दिसतात. कमी डाव, सावकाश डाव. रूलेटच्या टेबलावर दर फेरीला ५०० रुपये लावले, तर तासाभरात २०,००० रुपये फिरतात आणि त्या तासाची सरासरी किंमत ५४० रुपये होते. शेजारचं स्लॉट मशीन ५० रुपयांत बटण दाबू देतं, म्हणून ते स्वस्त वाटतं. पण सहा सेकंदांना एकदा बटण दाबलं, की तासात ६०० वेळा होतं. ३०,००० रुपये फिरतात. मशीनचा वाटा ८ टक्के धरला, तर तासाला २,४०० रुपये. चौपटीहून जास्त! गर्दीचं, रेंगाळणारं, बोलतबोलत चालणारं टेबल नवख्याला सगळ्यात स्वस्त पडतं. आणि खेळायचे पैसे घरून निघतानाच वेगळे काढावेत, नाटकाच्या तिकिटाला काढतो तसे, परत येणार नाहीत असं धरून. कार्ड आणि मोबाइलवरून पैसे काढण्याची सोय त्या रात्रीपुरती बंद ठेवावी. हे मी अगदी कळकळीने सांगतो, कारण आकड्यांपुढे मनोनिग्रह फार वेळ टिकत नाही.

दुप्पट करत जाण्याची युक्ती नवखा माणूस पहिल्याच रात्री शोधून काढतो. लालवर १०० लावा, हरलात तर २००, मग ४००. कधीतरी लाल येणारच, आणि आलं की सगळं भरून निघून १०० सुटतात. ऐकायला बिनतोड वाटतं. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री मोंटे कार्लोत नेमकं उलट झालं. एका टेबलावर काळा येत राहिला, पंधरा वेळा, वीस वेळा, आणि लोक लालवर पैसे ओतत राहिले. इतके काळे झाले, आता लालच, या भरवशावर. काळा लागोपाठ २६ वेळा आला. ठरावीक २६ फेऱ्यांत असं घडण्याची शक्यता जवळपास पावणेचौदा कोटींत एकदा एवढी आहे. पण पंचविसाव्या काळ्यानंतर सव्विसावा येण्याची शक्यता मात्र ३७ पैकी १८ इतकीच होती, जेवढी पहिल्या फेरीला होती. गोळीला मागचं काही आठवत नाही.

त्या रात्री कुणी १०० रुपयांपासून दुप्पट करत लालवर राहिला असता, तर दहाव्या हारीनंतर त्याचे १,०२,३०० रुपये गेलेले असते. विसाव्यानंतर १० कोटी ४८ लाख. सव्विसाव्यानंतर ६७१ कोटी रुपये, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेवढेच लावायचे, शेवटी १०० रुपये सुटावेत म्हणून.

प्रत्यक्षात टेबलच ही वेळ येऊ देत नाही. प्रत्येक टेबलावर कमीतकमी आणि जास्तीत जास्त रकमेची पाटी असते. तीही बसण्याआधी वाचायची. १०० ते ५०,००० अशी मर्यादा असेल, तर सलग नऊ हारींनंतर दहावी रक्कम ५१,२०० होते आणि ती लावताच येत नाही. सलग नऊ हारी सरासरी ४०३ प्रयत्नांत एकदा येतात. उरलेल्या ४०२ प्रयत्नांत १०० प्रमाणे ४०,२०० मिळाले, त्या एका प्रयत्नात ५१,१०० गेले. चारशे वेळा हसायचं आणि एकदा रडायचं, तरी बेरीज तोट्याचीच.

कॅसिनोतले रीतिरिवाजही याच हिशेबातून आलेले आहेत, आणि हे कळलं की नवख्याचं दडपण जातं. तासाला शेकडो वेळा पैशांची हलवाहलव होते, ती प्रत्येक वेळी वरच्या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसली पाहिजे. म्हणून नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नसतात, टेबलावर ठेवायच्या असतात. डीलर त्या पसरून मोजतो आणि मगच चिप्स सरकवतो. रूलेटच्या रंगीत चिप्सचा रंग प्रत्येक खेळाडूचा वेगळा असतो, त्या दुसऱ्या टेबलावर चालत नाहीत, उठताना तिथेच बदलून घ्याव्या लागतात. ‘नो मोअर बेट्स’ म्हटल्यावर हात मागे. आलेल्या आकड्यावर डीलर एक छोटी खूण ठेवतो. ती उचलेपर्यंत जिंकलेल्या चिप्सनाही हात लावायचा नाही. ब्लॅकजॅकमध्ये तोंडाने सांगून भागत नाही: पान हवं तर बोटाने टेबलावर टकटक, नको तर तळहात आडवा फिरवायचा. उताणी पानं हाताळायची नाहीत. टेबलावर फोन नको, फोटो तर नकोच. शेजाऱ्याला न मागता सल्ला देऊ नये, आणि डीलरवर चिडू नये. पान त्याने निवडलेलं नसतं. एवढं पाळणाऱ्याला कुणी नवखा म्हणून हिणवत नाही, आणि नियम विचारले तर डीलर आनंदाने सांगतात.

पत्त्यांबद्दल आपल्याकडच्या मंडळींना थोडं वेगळं सांगायला हवं, कारण गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळून आपला हात तयार झालेला असतो. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात ट्रेल, म्हणजे एकाच किमतीची तीन पानं, ५२, आणि एकाच रंगाची सलग तीन पानं, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, ४८. दुर्मीळ हात मोठा मानायचा तर प्युअर सिक्वेन्सने ट्रेलला हरवायला हवं. आपल्या तीन पत्तीत मात्र ट्रेलच सर्वांत वर. कॅसिनोतला ‘थ्री कार्ड पोकर’ मोजणीप्रमाणे चालतो: तिथे प्युअर सिक्वेन्स पहिला, ट्रेल दुसरा. तीच तीन पानं, दोन टेबलांवर दोन किमती. हात चांगला आला म्हणून हुरळून जाण्याआधी कोणत्या टेबलावर बसलो आहोत ते पाहावं. ब्लॅकजॅकचंही तसंच. एक्का आणि दहाच्या किमतीचं पान पहिल्या दोन पानांतच आलं, तर काही टेबलं हजारावर १,५०० देतात, काही १,२००. असा हात साधारण एकवीस वेळांत एकदा येतो, त्यामुळे तीनशेचा हा फरक टेबलाचा वाटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढवतो. शिकून, नियमाने खेळणाऱ्याला चांगल्या टेबलावर एरवी हा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपासच पडतो.

आणि पिसलेल्या पत्त्यांचा क्रम? ‘लीलावती’च्या अंकपाश प्रकरणात मांडणीचे प्रकार मोजायची रीत आहे. तीच बावन्न पानांना लावली, ५२ गुणिले ५१ गुणिले ५० असं एकापर्यंत, की ६८ अंकी संख्या येते. जगातली आठशे कोटी माणसं विश्वाच्या आरंभापासून, १३८० कोटी वर्षं, दर सेकंदाला एक जोड पिसत बसली असती, तरी आजवर झालेले क्रम २८ अंकी संख्येतच मावले असते. पानं नीट मिसळायला किती वेळा पिसायची, याचं उत्तर १९९२ मध्ये डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दिलं: दोन भाग करून एकमेकांत सोडायच्या पद्धतीने, सात वेळा. आपण घरी दोन-तीनदा पिसून वाटतो, ते अपुरं असतं.

गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या मशीनना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या टेबलांना वाट करून दिली गेली. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला मज्जाव आहे. महाराष्ट्राचाही १९७६ चा कॅसिनो कायदा होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. जहाजावर जायचं तर वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र हवं, आणि बऱ्याच ठिकाणी पुरुषांना चप्पल-बर्म्युडा चालत नाही. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मिळणारी काही कुपनं फक्त खेळता येतात, त्यांचे रोख पैसे होत नाहीत. कोणती कुठली, ते आत शिरतानाच विचारून घ्यावं.

पण रूलेटच्या २.७ टक्क्यांपेक्षा मोठा आकडा काउंटरवर असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो आकारला जातो चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर, मग तुम्ही जिंका किंवा हरा. दिलेल्या पैशांत नेमक्या किती किमतीच्या चिप्स हातात आल्या, ते तिथेच मोजावं. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, त्यावर ४ टक्के उपकर. हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. शनिवारी ६०,००० जिंकले आणि रविवारी तेवढेच हरले, तर घरी काहीच येत नाही, कर मात्र १८,७२० रुपये लागतो.