चोरीस गेलेल्या मोटारसायकलींचा शोध आणि स्थाननिर्देशक यंत्र : संगमनेर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रवरा व म्हाळुंगी ह्या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमनेर हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. पुणे-नाशिक महामार्ग येथून जातो. पश्चिमेस अकोले-राजूरच्या डोंगराळ मुलखाकडे आणि पूर्वेस लोणी-श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्याकडे येथूनच रस्ते फुटतात. उत्तरेस सिन्नर लागले की नाशिक जिल्हा; दक्षिणेस चंदनापुरीचा घाट व घारगाव मागे टाकून आळेफाटा गाठला की पुणे जिल्हा. भूगोलाची ही सोय व्यापारास जितकी उपकारक, तितकीच चोरासही उपकारक आहे. मालकाच्या ध्यानात चोरी येण्यापूर्वीच मोटारसायकल दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेली असू शकते. आणि जो शेतकरी दुधाचे कॅन तिच्यावर लादून संकलन केंद्रावर जातो, त्याच्या दृष्टीने ही हानी एका वस्तूची नसून उपजीविकेच्या साधनाची असते.

मोटारसायकलीत स्थाननिर्देशक यंत्र बसविले की ती चोरीस गेली तरी परत मिळते, असा समज आता रूढ होत चालला आहे. हा समज अर्धाच खरा आहे. शोधाची प्रक्रिया ही चार कड्यांची साखळी आहे : स्थान ओळखणे, ते कळविणे, त्यावर अधिकृत कृती होणे, आणि वाहन मालकाच्या स्वाधीन होणे. यंत्र पहिल्या दोन कड्या पुरवते. उरलेल्या दोन कड्या कायद्याच्या व समाजव्यवस्थेच्या आहेत. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते, हे ध्यानात ठेवूनच यंत्राच्या उपयुक्ततेचा विचार केला पाहिजे.

प्रथम स्थाननिश्चितीचे तत्त्व पाहू जाता असे दिसते की, यंत्र स्वतः उपग्रहाकडे काहीही पाठवीत नाही. ते केवळ ऐकते. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अणुघड्याळांवर आधारलेले कालसंकेत अखंड प्रक्षेपित करीत असतात. संकेत निघाल्याची वेळ व पोहोचल्याची वेळ ह्यांतील अंतरास प्रकाशाच्या वेगाने गुणले म्हणजे उपग्रहापासूनचे अंतर मिळते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळल्यास स्थान निश्चित व्हावयास हवे. परंतु मोटारसायकलीतील स्वस्त घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्या साहाय्याने घड्याळाची चूकच एक अज्ञात राशी मानून सोडविली जाते. ही व्यवस्था १९९५ साली पूर्णतः कार्यान्वित झाली. तथापि नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा २००० सालच्या मे महिन्यात उठविण्यात आली, तेव्हाच ती वाहनशोधासारख्या कामास खऱ्या अर्थाने योग्य झाली. भारताने आपल्या प्रादेशिक व्यवस्थेचा, म्हणजे नाविकचा, पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला.

खुल्या आकाशाखाली साधारण ग्राहक-यंत्राची चूक काही मीटरांची असते. यंत्र मात्र अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर सहा अंकांपर्यंत दाखविते. सहावा अंक म्हणजे भूपृष्ठावरील सुमारे ११ सेंटिमीटर. ही सूक्ष्मता दिसण्यापुरतीच असते. महामार्गालगतच्या मोकळ्या रानात १० मीटरांची चूक क्षुल्लक ठरते. परंतु गावठाणातील दाट वस्तीत तेवढ्याच चुकीच्या वर्तुळात तीन-चार घरे येतात. कोणत्या घराचे दार ठोठवावयाचे, ह्या प्रश्नाचे उत्तर उपग्रह देत नाही. शिवाय उपग्रहाचा संकेत भूपृष्ठावर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की, पत्र्याची शेड किंवा मालमोटारीचा बंदिस्त हौदा त्यास सहज अडवितो.

दुसरी कडी दळणवळणाची. समजलेले स्थान यंत्रातील सिमकार्डाच्या द्वारे भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून सेवा पुरविणाऱ्याच्या संगणकाकडे आणि तेथून मालकाच्या फोनवर जाते. महामार्गावर ह्यात अडचण येत नाही. अकोल्याच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत मनोऱ्यांची पोहोच तुटक असल्याने खंड पडणे संभवते. चांगली यंत्रे अशा वेळी स्थानांची नोंद साठवून ठेवतात व जाळे मिळताच एकदम पाठवितात. वस्तूंना अडकविण्याच्या लहान ब्लूटूथ चकत्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात सिमकार्ड नसते. जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनांनी त्यांची हाक ऐकली तरच त्यांचे स्थान कळते. शहरातील गर्दीत त्या उपयोगी पडतात. एकाकी वस्तीवर मुक्या राहतात. इतकेच नव्हे, तर कोणी कोणाचा छुपा पाठलाग करू नये म्हणून त्यांत योजलेली सूचना चोराच्या फोनवर उमटून त्यासच सावध करू शकते.

ह्या दोन्ही कड्यांचा आधार म्हणजे वीज. समजा, मोटारसायकलीची बॅटरी ४ अँपिअर-तास क्षमतेची आहे. यंत्राने अखंड ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर ती १०० तासांत, म्हणजे सुमारे चार दिवसांत रिकामी होईल. ४ मिलिअँपिअर घेतला तर हाच अवधी १,००० तासांचा होतो. म्हणून यंत्रास झोपवून ठेवणे व वाहनास धक्का लागताच कंपनमापकाच्या योगे जागे करणे, ही योजना सर्वसामान्य झाली आहे. बॅटरीची तार तोडणे हे चोराचे पहिले काम असू शकते. यंत्रात स्वतःची लहान बॅटरी असल्यास तार तुटल्याचीच वार्ता ते काही काळ देऊ शकते. दुरून इंजिन बंद पाडण्याची सोयही काही यंत्रांत असते. परंतु धावत्या वाहनावर, विशेषतः घाटात, तिचा वापर चालविणाऱ्याच्या व इतरांच्याही जिवावर बेतेल. उभ्या वाहनापुरतीच ती इष्ट होय.

येथवर यंत्राचे कार्य संपते आणि तिसरी कडी सुरू होते. फोनच्या पडद्यावर बिंदू दिसू लागताच मालकास स्वतःच तेथे धावून जाण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे. समोर किती माणसे आहेत हे बिंदू सांगत नाही. आणि वर सांगितलेल्या चुकीमुळे निरपराध शेजाऱ्यावर आळ येण्याचा संभव असतो. योग्य मार्ग म्हणजे तत्काळ फिर्याद. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक साधनानेही ती पाठविता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तीवर सही करावी लागते. संगमनेरात चोरी झाली आणि बिंदू सिन्नरकडे सरकत आहे, अशा प्रसंगी ह्या तरतुदीचे मोल स्पष्ट आहे. दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झडती घेण्याची रीत त्याच संहितेच्या कलम १८६ मध्ये आहे. विलंबाने पुरावा नष्ट होण्याचा संभव असल्यास तपास अधिकारी स्वतःही तेथे झडती घेऊ शकतो.

यंत्राची नोंद न्यायालयात आपोआप पुरावा ठरत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे ठरविले की, मूळ उपकरण हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र असणे अनिवार्य आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही आवश्यकता कायम आहे. नोंदीतील वेळेचीही छाननी हवी. उपग्रहांवर आधारलेली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत नोंदली जाते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. हा फरक लक्षात न घेतल्यास रात्री नऊची चोरी दुपारी साडेतीनची ठरावयाची.

चौथी कडी सर्वांत उपेक्षित राहिली आहे. सापडलेले वाहन हा मुद्देमाल असतो, आणि ठाण्याच्या आवारात ऊनपावसात गंजत पडलेल्या मुद्देमालाचे दृश्य सर्वपरिचित आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य ह्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावले होते की, पंचनामा व छायाचित्रे करून आणि योग्य बंधपत्र घेऊन अशी वाहने लवकर सोडावीत. नव्या संहितेच्या कलम ४९७ ने ह्यास मुदत घातली आहे : माल हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्याचे वर्णनपत्र, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. बिंदू काही मिनिटांत दिसला आणि वाहन काही महिन्यांनी हाती आले, तर दुधाचे कॅन वाहणाऱ्याच्या दृष्टीने यंत्र निष्फळच ठरले.

एका मालकाच्या लाभाहानीपलीकडे ह्या विषयास अर्थशास्त्रीय बाजूही आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८६ साली लोजॅक नावाचे छुपे नभोवाणी-यंत्र मोटारींत बसविले जाऊ लागले. इयन एअर्स व स्टीव्हन लेविट ह्यांच्या १९९८ सालच्या अभ्यासानुसार मोठ्या शहरांत दर तीन यंत्रांमागे वर्षाला सुमारे एक मोटारचोरी कमी झाली. आणि ह्या एकूण लाभाचा केवळ दहावा हिस्सा यंत्र बसविणाऱ्यास मिळाला. कारण उघड आहे : कोणत्या वाहनात यंत्र आहे हे चोरास कळत नाही, म्हणून तो सर्वच वाहनांपासून बिचकतो. ह्याउलट मेक्सिकोत ठराविक राज्यांत, ठराविक नमुन्यांच्या मोटारींत हेच यंत्र जाहीरपणे बसविले गेले. मार्को गोन्झालेझ-नवारो ह्यांच्या २०१३ सालच्या अभ्यासानुसार त्या मोटारींच्या चोऱ्या ४८ टक्क्यांनी घटल्या. परंतु यंत्रे नसलेल्या अन्य राज्यांत त्याच नमुन्यांच्या चोऱ्या वाढल्या. हे दोन्ही अभ्यास मोटारींचे आहेत. तरी त्यांतून निघणारे अनुमान संगमनेरासही विचारात घेण्याजोगे आहे. छुपे यंत्र शेजाऱ्याचेही रक्षण करते. उघड यंत्र चोरीस शेजारच्या तालुक्याकडे ढकलू शकते.

असे असूनही सार्वजनिक धोरणाने दुचाकीस वगळले आहे. २०१६ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या नियम १२५-एच अन्वये सार्वजनिक सेवावाहनांस स्थाननिर्देशक यंत्र आवश्यक झाले, त्याचे ए.आय.एस.-१४० हे मानक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या नावाने प्रसिद्ध झाले. दुचाकी मात्र ह्या नियमातून मुक्त आहेत. सरसकट सक्ती करावी असे ह्यावरून सिद्ध होत नाही. कारण जे यंत्र चोराचा माग काढते तेच मालकाचाही दैनंदिन माग ठेवते, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी मान्य केले आहे.

तात्पर्य, यंत्राने चोरीच्या तपासातील 'कोठे' ह्या प्रश्नाचे उत्तर स्वस्त केले आहे. 'कोण जाणार' आणि 'केव्हा परत मिळणार' हे प्रश्न पूर्वीइतकेच महाग आहेत. बिंदू दिसल्यापासून पोलीस तेथे पोहोचेपर्यंतचा, आणि जप्तीपासून मालकाच्या हाती किल्ली पडेपर्यंतचा, असे दोन कालावधी मोजले गेले तरच ह्या साधनाचे खरे मूल्य कळेल. ठाण्याची स्टेशन डायरी, यंत्राची नोंद आणि न्यायालयाचा आदेश ह्या तीन कागदांवरून ते मोजता येण्याजोगे आहेत. पदव्युत्तर संशोधनास येथे एक लहानसे, परंतु लोकजीवनाशी निकट संबंध असलेले क्षेत्र खुले आहे.