कोणाकोणाचे हात लागले?

लिलावाचे सात दिवस बहुतेक सुस्तच जातात. सुरुवातीला कोणीतरी गंमत म्हणून हास्यास्पद बोली लावतो, मधले दिवस आकडा रांगत राहतो आणि शेवटच्या काही मिनिटांत एकदम उड्या मारू लागतो. ‘ब्रिंग अ ट्रेलर’ या अमेरिकी ऑनलाइन लिलावाचा नियम असा, की अखेरच्या दोन मिनिटांत बोली आली तर घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला गुपचूप आकडा टाकून गाडी पळवता येत नाही. बोली लावणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती गाडी प्रत्यक्ष पाहिलेलीही नसते. आपल्याकडे सहा वर्षं वापरलेली मारुती घ्यायची तरी लोक ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतात. तिकडे पन्नास वर्षांहून जुनी, कोणीतरी सुटी करून पुन्हा जोडलेली स्पोर्ट्‌स कार माणसं फोटो पाहून विकत घेतात.

हा व्यवहार समजून घ्यायला एकच गाडी धरून चाललेलं बरं. डॅटसन २४०झेड घेऊ, कारण या बाजारातले सगळे गुण-अवगुण तिच्यात एकत्र सापडतात.

निसानने ही गाडी १९६९ च्या अखेरीस जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ या नावाने आणली. अमेरिकेतला निसानचा कारभार पाहणाऱ्या युताका कातायामांना ते नाव तिथे चालेलसं वाटलं नाही; तिकडे ती २४०झेड झाली. लांब नाक, आखूड शेपूट, सहा सिलिंडरचं २.४ लिटरचं इंजिन, दोन कार्बोरेटर आणि किंमत ३,५२६ डॉलर. पोर्शे किंवा जॅग्वारकडे नुसतं बघत राहणाऱ्या माणसाला परवडेल अशी ही खरी स्पोर्ट्‌स कार होती. चार वर्षांत दीड लाखांवर गाड्या बनल्या. पीटर ब्रॉक यांच्या संघाने तिच्यावर १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेत आपल्या गटातली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली तिने १९७१ मध्ये जिंकली आणि १९७३ मध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी स्टीअरिंगवर होते युगांडात जन्मलेले, भारतीय वंशाचे शेखर मेहता. त्या रॅलीत पहिल्या दोघांचे दंडगुण सारखेच भरले आणि बरोबरी फोडण्याच्या नियमावर मेहता विजयी ठरले. पुढे त्यांनी हीच रॅली आणखी चार वेळा जिंकली. आपल्याकडे क्रिकेटबाहेरचे विक्रम लक्षात राहत नाहीत, नाहीतर हे नाव शाळकरी पोरांनाही माहीत असतं.

एवढ्या गुणी गाडीचा एकच शत्रू होता, गंज. पत्रा पातळ, आतल्या पोकळ्यांत पाणी साचणार, गंजरोधक लेप नावापुरता. अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने या गाड्या खालून खाऊन टाकल्या. बॅटरीखालचा तळ आम्लाने कुजतो, मग पायाखालची जमीन, मग दाराखालची पट्टी, आणि शेवटी सगळा भार पेलणाऱ्या लांब पट्ट्या. म्हणून आज विक्रीला येणारी जवळजवळ प्रत्येक झेड कधी ना कधी टिनकामातून गेलेली असते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खुद्द निसानने जुन्या झेड गोळा करून, नव्यासारख्या करून डीलरांमार्फत विकायचा उपक्रम काढला होता. एका गाडीला साधारण पंचवीस हजार डॉलर किंमत ठेवली. दुरुस्तीचा खर्च त्याहून जास्त यायला लागला आणि चाळीस गाड्यांच्या आतच गाशा गुंडाळावा लागला. ज्यांनी गाडी घडवली त्यांनाच हे गणित जमलं नाही, तिथे घरामागच्या शेडमध्ये काम करणाऱ्या हौशी माणसाचं काय होत असेल!

त्याचं नुकसान होतं, आणि हा बाजार त्या नुकसानीवरच उभा आहे. रंगकाम, वेल्डिंग, इंजिनाचं ओव्हरहॉलिंग, सीट्स यांची बिलं एकत्र केली तर बेरीज अनेकदा विक्रीच्या किमतीपुढे जाते. घेणारा दुसऱ्याची मेहनत सवलतीत घेतो. पण त्या मेहनतीसोबत त्या माणसाची आवड येते, आणि त्याने केलेली चलाखीही येते.

बदल तरी काय करतात? पहिला म्हणजे पुढच्या २८०झेडचं २.८ लिटरचं इंजिन बसवणं; ते त्याच घराण्यातलं असल्यामुळे फारशी काटछाट न करता बसतं. अमेरिकेत विकलेल्या २४०झेडला चारच गिअर होते, म्हणून नंतरच्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स येतो. १९७३ च्या गाड्यांवरचे प्रदूषण नियमांसाठी बनवलेले कार्बोरेटर इतके त्रासदायक होते, की ते काढून आधीचे लावणं ही दुरुस्तीच मानली जाते. हौस वाढली की तीन वेबर कार्बोरेटर लागतात. आवाज अफलातून, पण सेटिंग करणारा हात तयार हवा, नाहीतर सकाळी गाडी खोकतच राहते. काहीजण त्याही पुढे जाऊन स्कायलाइन जीटी-आरचं इंजिन किंवा अमेरिकी व्ही-एट घालतात.

यात कॅलिफोर्नियाच्या एका कायद्याचा हात मोठा आहे. तिथे १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धूरचाचणीतून सूट आहे. म्हणजे २४०झेडवर कार्बोरेटरचे वाटेल ते प्रयोग करा, दर दोन वर्षांनी कोणी नळी लावून विचारणार नाही. पण १९७७ च्या २८०झेडवर तेच केलं तर तिथे नोंदणी टिकवणं डोकेदुखी होते. जाहिरातीत ‘मॉडेल वर्ष’ ही ओळ म्हणूनच आधी वाचायची, रंग नंतर.

‘ब्रिंग अ ट्रेलर’ सुरू झालं २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत. रँडी नॉननबर्ग आणि जेंट्री अंडरवुड ठिकठिकाणच्या विक्रीच्या गाड्यांतल्या वेधक गाड्या निवडून दाखवत. स्वतःचे लिलाव २०१४ मध्ये आले आणि २०२० मध्ये हर्स्ट कंपनीने ते विकत घेतलं. घेणाऱ्याकडून साधारण ५ टक्के शुल्क घेतात, त्यालाही वरची मर्यादा आहे. राखीव किंमत असेल तर ती गुप्त राहते. आकडा तिथवर पोचला नाही तर गाडी विकायचं बंधन नाही. पण या ठिकाणाची खरी ताकद जाहीर प्रश्नोत्तरांत आहे. विक्रेत्याला सगळ्यांदेखत विचारतात, उत्तरही सगळ्यांदेखत द्यावं लागतं. तळाचे फोटो कुठे आहेत? जमिनीचा पत्रा बदलला की गंजक्या पट्टीवरच नवी पट्टी चढवली? मागच्या दाराची रबरं नवी आहेत का? नसतील तर सायलेन्सरचा धूर आत येतो, हे जुन्या झेडवाल्याला पाठ असतं. थंड इंजिन सुरू करतानाचं चित्रण मागतात, कारण तापलेलं इंजिन खूप काही लपवतं. रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राचे आकडे मागतात. कंपनीचा रंग शे-दीडशे मायक्रॉनचा असतो, आणि हजाराच्या पुढचा आकडा आला की खाली लांबी भरलीय हे उघड होतं. विक्रेता ज्या प्रश्नाला दोन दिवस उत्तर देत नाही, तिथेच गाडीचं दुखणं असतं, असं माझं मत.

कागदपत्रांची मदत मर्यादित. सतरा अक्षरी वाहन क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचा इतिहास संगणकावर एका फटक्यात निघत नाही. उरतात बिलं, कामाच्या दरम्यान काढलेले फोटो आणि काम करणाऱ्या गॅरेजचं नाव. रंग लागण्याआधीचा उघडा पत्रा दाखवणारे वीस फोटो हे चकचकीत रंगाच्या शंभर फोटोंपेक्षा मोलाचे. हजार मैलांवरच्या गाडीसाठी स्थानिक जाणकाराला दोन-तीनशे डॉलर देऊन ती लिफ्टवर चढवायला लावणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त विमा, आणि तो टाळणारे आश्चर्य वाटावं इतके लोक आहेत.

किमतीचं कोडं वेगळंच. जानेवारी २०२० मध्ये याच लिलावात १९७१ ची एक २४०झेड ३,१०,००० डॉलरला गेली. फ्रँकलिन मिंट कंपनीने छोटी प्रतिकृती बनवण्यासाठी नमुना म्हणून वापरलेली ती गाडी. तिच्यात ना तीन वेबर होते, ना रुंद चाकं. जपून ठेवलेल्या मूळ गाडीची किंमत कोणाचे हात लागले नाहीत यावर ठरते. बदललेल्या गाडीची, कोणाचे लागले यावर. दुसऱ्या जातीची गाडी घेणाऱ्याने पहिल्या जातीचे भाव डोक्यात ठेवले, की तो फसलाच.

बदलांतही दोन प्रकार आहेत. इंजिन, गिअरबॉक्स, शॉकअप बोल्ट काढून परत बदलता येतात. पण रुंद टायर मावावेत म्हणून मागच्या चाकांवरचा पत्रा कापून, त्यावर फायबरचे पंख स्क्रूने बसवले, की तो पत्रा परत येत नाही. पुढेमागे गाडी मूळ रूपात आणावीशी वाटणारा ग्राहक तिथेच मागे फिरतो. म्हणून शहाणा विक्रेता काढलेले भाग फेकत नाही. बॉनेटखालच्या पट्टीवर मूळ इंजिनाचा क्रमांक कोरलेला असतो. त्याच क्रमांकाचं जुनं इंजिन लाकडी चौकटीवर बांधून गाडीसोबत मिळणार असेल, तर तसं वर्णनात वरच लिहितात. ते न्यायला वेगळा ट्रक लागतो आणि त्याचं भाडं घेणाऱ्याच्याच माथी. तरीही त्या एका ओळीने बोली चढते.