समुद्रावरील संध्याकाळ आणि पायांतली वहाण

सिल्वासाहून वापीस जाऊन मुंबईची गाडी धरणाऱ्या आणि तेथून क्रूझवर चढणाऱ्या आमच्याकडील मंडळींनी पैठणी-दागिन्यांचा बंदोबस्त आठवडाभर आधी करावा आणि पादत्राणांची तजवीज मात्र शेवटच्या घटकेस करावी, हा शिरस्ता मला मनापासून खटकतो. कारण दिवाणखान्याच्या गुळगुळीत फरशीवरून ओलसर डेकवर आणि तेथून हलत्या जिन्यावर सारा तोल सांभाळायचा तो पावलांनीच.

2019 साली भौगोलिक मानांकन लाभलेली कोल्हापुरी चप्पल पैठणीखाली जितकी शोभते तितकी अन्य कोणतीही नाही, असे माझे ठाम मत आहे. तथापि वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले तिचे चामडे पाण्याने बिघडते आणि तळ ओल्या जागी घसरतो, म्हणून तिला कारागिराकडून रबरी तळ लावून घ्यावा आणि निदान पंधरवडाभर घरी वापरून तिचा अंगठा पायाशी रुळू द्यावा.

उंच टाच हवीच असेल, तर ती रुंद बुडाची आणि मागे पट्टा असलेली असावी. खरेदी सायंकाळी करावी. दिवसभराच्या चालण्याने पाय तेव्हा किंचित फुगलेले असतात. आमच्याकडील दुधनीच्या जलाशयावर नावेत पाऊल ठेवताना तळ कसा धरतो, याची खातरजमा तर निघण्यापूर्वी येथेच करता येते.