दिल्लीचा भाव, गोव्याचा किनारा

दिवाळी सरली की दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडातल्या घराघरांत सकाळी आधी हवेचा निर्देशांक पाहिला जातो. २०२४ च्या नोव्हेंबरात शहराची सरासरी ४९० च्याही वर गेली होती, आणि ही मोजपट्टी ५०० वर संपते. त्या दिवसांत ट्रक सीमेवर अडवले गेले, बांधकामे थांबली, शाळा पडद्यावर भरल्या. मुलाचा खोकला महिना-महिना थांबत नसेल तर आईबापांनी शहर सोडण्याचा विचार करावा, यात गैर काहीच नाही. युरोपातली माणसे महागाईला आणि थंडीला कंटाळून भूमध्य समुद्राकाठच्या अल्बेनियाकडे पाहू लागली आहेत: ऊन भरपूर, भाडे कमी, किनारा अजून फारसा न बांधलेला. दिल्लीकरांसाठी ती जागा गोव्याने घेतली. व्हिसा नको, परदेशी पैसा पाठवण्याच्या मर्यादा नकोत, विमानाने अडीच तास. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडणे, बार्देस हे उत्तरेकडचे तालुके आणखी जवळ आले. घरून काम करण्याची सवय तर करोनाने आधीच लावून ठेवली होती.

या स्थलांतराचा हिशेब मात्र अर्धाच मांडला जातो. एखादा किनारा स्वस्त आहे असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर आपल्या आणि तिथल्या माणसाच्या कमाईतला फरक सांगत असतो. गुरुग्राममधला फ्लॅट विकून आलेल्याला आसगाव किंवा शिवोलीतले जुने कौलारू घर परवडते, कारण त्याचा पगार दिल्लीच्या बाजाराने ठरवलेला आहे. म्हापशात दुकान चालवणाऱ्याला त्याच गावात मुलासाठी दोन खोल्या घ्यायच्या असतील, तर त्याच्यासमोर हाच दिल्लीचा भाव उभा राहतो. येणारा स्वस्ताई शोधत येतो आणि शे-दोनशे जण आले की ती संपते. अल्बेनियात वेगळे घडत नाही. १९९१ पर्यंत जगाला बंद असलेल्या या देशातून तरुण बाहेर पडत राहिले. २०११ च्या जनगणनेतली २८ लाखांची लोकसंख्या २०२३ मध्ये २४ लाखांवर आली, आणि त्याच वेळी सारांदा, क्सामिलच्या किनाऱ्यावर बाहेरच्यांसाठी इमारती उठत गेल्या. गोव्यातही जाणारे आणि येणारे एकाच वाटेवर भेटतात. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथले नागरिकत्व मिळवता येते. हजारो गोंयकार त्या वाटेने लिस्बनला आणि पुढे इंग्लंडला गेले. २०११ च्या जनगणनेत गोव्यातले पाचातले एक घर रिकामे आढळले होते. वाटण्या न झालेले, कुलूपबंद, वारस परदेशी असलेले घर हा तिथल्या दलालाचा सर्वांत आवडता माल असतो. कोकणी माणसाला हे सांगायला नको. त्याच्या गावातली कुलपे मुंबईच्या दिशेची आहेत, एवढाच फरक.

यावर पहिला आक्षेप असा की भारताचा नागरिक देशात कुठेही राहू शकतो. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने तो हक्क दिलाच आहे, आणि ‘भायले’ (बाहेरचे) म्हणून कुणाला हिणवण्याच्या मी विरुद्ध आहे. पण राहण्याचा हक्क आणि हवी ती जमीन हव्या त्या कामासाठी वापरण्याचा हक्क या दोन गोष्टी आहेत. हिमाचलात शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन मिळत नाही, हे दिल्लीकरांना चांगले ठाऊक आहे. महाराष्ट्रातही शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची असते. गोव्याने शेतजमिनीच्या विक्रीवर निर्बंध घालणारा कायदा २०२३ मध्ये केला. मात्र त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले आणि आराखड्यातली चूक दुरुस्त करण्याच्या नावाने एकेका भूखंडाचे भूरूपांतर होऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम २०२५ मध्ये रद्द केले, पण कापलेला डोंगर निकालाने भरून येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जमीन विकतात ते गोंयकारच, आणि बाहेरच्या पैशाने गवंडी, सुतार, खानावळी चालतात. हे खरे आहे. पण हा पैसा किती काळ फिरतो ते घर कसे वापरले जाते यावर ठरते. बारा महिने राहणारे कुटुंब रोज बाजारात जाते, मुले तिथल्या शाळेत घालते, विहिरीचे पाणी कमी झाले की त्याला लगेच कळते. वर्षातले तीन आठवडे उघडणारा व्हिला बांधताना मजुरी देतो आणि नंतर मुख्यतः पाणी घेतो. बार्देस आणि पेडण्याच्या नळांना येणारे बरेचसे पाणी दोडामार्ग तालुक्यातल्या तिळारी धरणाचे आहे. कालवा फुटला की गावाची तहान टँकरवर येते, आणि त्या दिवशी पोहण्याचा तलाव आणि शेजाऱ्याचा हंडा एकाच टँकरवर अवलंबून असतात. बाहेरच्या पैशाचा हा अनुभव इतरत्रही आला: स्पेन आणि पोर्तुगाल हे बाहेरच्या गुंतवणूकदारांना कित्येक वर्षे बोलावत होते. पोर्तुगालने घरखरेदीवर निवास-परवाना देणे २०२३ मध्ये थांबवले, स्पेनने २०२५ मध्ये. घरांच्या किमतींनी तिथले मतदार रस्त्यावर आले होते.

म्हणून ज्याला खरेच जायचे आहे त्याने आधी भाड्याने राहावे, आणि तेही जून ते सप्टेंबर. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, भिंतींना बुरशी, वारंवार जाणारी वीज, बंद शॅक: हा गोवा सोसला आणि आवडला तर घर शोधावे, नवा व्हिला बांधण्यापेक्षा पडके घर दुरुस्त करावे, आणि मतदारयादीतले नाव दिल्लीहून गावात आणावे. नाव गावात असले की ग्रामसभेत बसता येते, आणि डोंगरकापणीचा किंवा नव्या वसाहतीच्या पाण्याचा प्रश्न तिथेच निघतो. नाव दिल्लीतच ठेवायचे असेल, तर यमुनेकाठच्या त्या धुराविरुद्ध तिथे बोलायला माणसे हवीच आहेत. जो शहर सोडू शकतो त्याचाच आवाज तिथे ऐकला जातो, आणि त्याच्या घरी कामाला येणाऱ्या बाईला गोव्याचे तिकीट कुणी काढून देणार नाही.