राखणीचा कुत्रा सुटल्यावर

बसा रे पोरांनो. पण मिरचीच्या पथारीकडं पाठ करून बसा, नाहीतर डोळ्यांतलं पाणी गोष्टीचं की मिरचीचं, हे मला कळायचं नाही. नंदुरबारात राहून एवढं तरी शिकलोय.

आता छातीच्या मधल्या हाडावर हात ठेवा. त्या हाडामागं थायमस नावाची एक ग्रंथी आहे. तुमची चांगली भरलेली असेल, माझी केव्हाच आटून तिची चरबी झाली. १९६१ सालापर्यंत भल्याभल्या डॉक्टरांना ती निकामी वाटायची. मग जॅक मिलर नावाच्या तरुण संशोधकानं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. ते उंदीर साध्यासुध्या जंतूंनी मरायला लागले. तेव्हा कळलं, की रोगांशी लढणाऱ्या टी पेशी इथंच तयार होतात आणि त्यांची निवडही इथंच होते. जी पेशी आपल्याच शरीरावर उलटेल असं दिसतं, तिला तिथंच मरावं लागतं. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. सरकारी भरतीत सुद्धा इतकी गाळणी नसेल!

तरी काही वांड पेशी निसटतातच. त्यांच्यासाठी निसर्गानं दुसरी सोय केली आहे. तिकडं धडगावच्या डोंगरात मक्याच्या राखणीला कुत्रा ठेवतात ना? रात्री रानडुकरामागं तोच धावतो. पण दिवसा त्याला दाव्याला बांधावं लागतं, नाहीतर आल्यागेल्याची पोटरी धरतो. टी पेशीच्या अंगावरही अशी दावी असतात. एकाचं नाव पीडी-१. ते जपानात क्योटोला तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडलं. दुसरं सीटीएलए-४. ते दावं सोडलं तर उंदरांच्या कॅन्सरच्या गाठी विरघळतात, हे अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांनी १९९६ साली दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं.

कॅन्सरची पेशी मोठी लबाड. ती स्वतःच्या अंगावर असा एक रेणू उगवते, की टी पेशी जवळ आली की तो थेट तिचं दावं धरतो. कुत्रा जागा आहे, चोर समोर आहे, पण दावं चोराच्याच हातात! यावर निघालेली इम्युनोथेरपीची औषधं कॅन्सरला मारतच नाहीत. ती फक्त दावं सोडवतात. बाकीचं काम आपल्याच पेशी करतात.

‘‘आणि खरंच बरं होतं?’’ थोरल्यानं विचारलं. त्याला पुरावा लागतो, आजीवर गेलाय.

अमेरिकेचे जिमी कार्टर माहीत आहेत? राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर गरिबांची घरं बांधत फिरायचे. २००६ साली आपल्या लोणावळ्याजवळही हातोडा घेऊन आले होते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये, नव्वदीत, त्यांनी सांगितलं, की मेलानोमा नावाचा कॅन्सर मेंदूपर्यंत गेलाय. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले आणि जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब हे दावं सोडणारं औषध दिलं. डिसेंबरात तपासणीत कॅन्सर दिसेना. पुढं शंभरी पूर्ण करून २०२४ च्या डिसेंबरात ते गेले. सगळ्यांचं असं होत नाही, हेही ऐकून ठेवा. बऱ्याच जणांत कुत्रा सुटूनही जागचा हलत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी. तंबाखू, मिश्री, विडी यांनी तोंडाचा कॅन्सर घरोघरी आणलाय आणि हे औषध पूर्ण मात्रेत घ्यायचं तर शेत विकूनही पुरायचं नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक धाडसी तोड काढली. निव्होलुमॅब हे असंच दावं सोडणारं औषध एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात. त्यांनी दिलं दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला. डोकं आणि मान यांच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगले १६.३ टक्के, हे थेंबभर औषध जोडल्यावर ४३.४ टक्के. २०२२ साली हा निकाल छापून आला. मला विचाराल तर चंद्रावर यान उतरवण्याइतकंच हे मोठं काम आहे, पण त्यासाठी कोणी फटाके वाजवले नाहीत.

एवढ्याशा औषधाचा गुण का येतो? कारण ते रक्तातून कमी झालं तरी टी पेशींना दोन-दोन महिने चिकटून राहतं. आणि इथंच गोष्ट उलटते. गुण चिकटून राहतो, तसा त्रासही. औषधाची शेवटची सलाइन संपून महिने लोटल्यावर सुद्धा तो उपटू शकतो. ‘दुष्परिणाम नसलेला उपचार’ असं कुठं वाचलंत, तर तो कागद भेळेला वापरा.

सुटलेला कुत्रा चोराला धरतो तसा घरच्यांनाही चावतो. कातडीवर पुरळ उठतं. आतड्याला सूज येऊन जुलाब लागतात. फुफ्फुस सुजलं तर कोरडा खोकला आणि धाप. यकृत, सांधे, क्वचित हृदयही. पण मला सांगायचंय ते ग्रंथींचं, कारण तिथला चावा दिसत नाही.

गळ्यापुढं थायरॉइड आहे. शंभरात साधारण सहा-सात रुग्णांची थायरॉइड या औषधांनी मंदावते. दोन औषधं एकदम दिली तर त्याहून जास्त. गंमत बघा, आधी उलटंच होतं. ग्रंथीला सूज आली की आत साठवलेलं हार्मोन एकदम रक्तात सांडतं. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, वजन उतरतं. घरचे म्हणतात, कॅन्सरची धास्ती घेतलीय. काही आठवड्यांनी साठा संपतो आणि चित्र पालटतं. थंडी वाजते, अंग जड होतं, पोट साफ होत नाही, माणूस दिवसभर पडून राहतो. घरचे पुन्हा म्हणतात, आजारानं खंगला. तेव्हा थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी केली, की सकाळी उपाशीपोटी एक थायरॉक्सिनची गोळी आणि माणूस उठून बसतो.

आता भुवयांमधून सरळ आत जा, डोक्याच्या मध्यापर्यंत. तिथं अर्ध्या ग्रॅमची पिट्युटरी बसली आहे. बाकीच्या ग्रंथींना हुकूम तीच सोडते. तिच्या काही पेशींवर सीटीएलए-४ हा रेणू मुळातच असतो, म्हणून त्याविरुद्धचं औषध तिला जास्त बाधतं. डोकं दुखतं, गळून जायला होतं. तिचा हुकूम थांबला, की मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवायचं सोडतात. कॉर्टिसोल नसेल तर ताप, जुलाब, उपास, असला कुठलाही ताण शरीराला झेपत नाही. उलट्या, रक्तदाब खाली, रक्तातलं सोडियम खाली, मग शुद्ध हरपते. यावर उपाय आहे हायड्रोकॉर्टिसोन, आणि तोही स्वस्त. फक्त क्रम चुकवायचा नाही. थायरॉइड आणि कॉर्टिसोल दोन्ही कमी असतील तर कॉर्टिसोल आधी. थायरॉक्सिन आधी दिलं तर उरलंसुरलं कॉर्टिसोलही झपाट्यानं खर्ची पडतं आणि बरा करायला निघालेला डॉक्टर रुग्णाला संकटात लोटतो.

आणखी एक, विरळा पण झटक्यात येणारा चावा स्वादुपिंडावर. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारल्या जातात. कालपर्यंत साखर नीट असलेला माणूस तांब्यावर तांबे पाणी पितो, सारखा लघवीला जातो, आणि दोन-चार दिवसांत दवाखान्यात जोराचा श्वास घेत पडतो.

‘‘मग कुत्रा परत बांधायचा ना!’’ धाकटी म्हणाली.

बांधतात बरं का. औषध थांबवून स्टेरॉइड देतात. आतडं, कातडी, फुफ्फुस यांची सूज बहुतेक वेळा त्यानं उतरते. पण ग्रंथीच्या पेशी एकदा मेल्या की बहुधा परत येत नाहीत, म्हणून ते हार्मोन जन्मभर बाहेरून घ्यावं लागतं. याची दुसरी बाजू अशी, की हार्मोन नीट भरून काढलं तर कॅन्सरचं औषध बरेचदा चालू ठेवता येतं. गोळी लागली म्हणजे उपचार फसला, असं नाही. मेलानोमाच्या ज्या रुग्णांच्या अंगावर या औषधांनी पांढरे डाग उठतात, त्यांना औषधाचा गुणही जास्त येतो, असं डॉक्टरांना दिसलंय.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलतो, कारण धोका औषधापेक्षा अंतरात आहे. माणूस मुंबईला किंवा सुरतेला सलाइन घेतो, भुसावळ-सुरत लाइननं घरी येतो, तिथून जीपनं पाड्यावर. त्रास होतो तो पाड्यावर. आपल्याकडं अशक्तपणा म्हटला, की सिकलसेल, रक्त कमी, नाहीतर हिवताप, यापलीकडं कोणाचा विचार जात नाही. त्यात चूकही नाही, इथं तेच जास्त असतं. पण ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला हा रुग्ण इम्युनोथेरपीवर आहे हे कोणी सांगितलंच नाही, तर त्यानं ओळखायचं कसं? आणि ‘केमो चालू आहे’ असं सांगणं तर न सांगण्याहून वाईट. केमोचे त्रास वेगळे, त्यांचे उपायही वेगळे.

म्हणून पोरांनो, तुमच्या घरात, गल्लीत कोणी हे औषध घेत असेल, तर औषधाचं नाव आणि शेवटच्या सलाइनची तारीख मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या आधार कार्डाला पिन करून द्या. उलट्या, चक्कर, फार तहान, धाप, न थांबणारे जुलाब यांपैकी काहीही झालं, तर तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर आधी ठेवायचा आणि साखर, सोडियम, टीएसएच, कॉर्टिसोल तपासता येईल का, हे विचारायचं. हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर ते एक दिवसही आपल्या मनानं बंद करायचं नाही, आणि ताप आला तर डोस वाढवावा लागतो, तो किती हे डॉक्टरांना विचारून आधीच लिहून ठेवायचं. उपचार संपून वर्ष झालं तरी तो कागद फाडू नका.